आजींच्या पिशवीतल्या १७ गोळ्या: खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

मी सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ आहे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. गावाचं नाव लिहीत नाही, आजींचंही नाही, विट्यापासून एसटीनं पाऊण तासावरचं गाव आहे एवढं पुरे. आजी ७६ वर्षांच्या, तात्या ८१ चे, दोन्ही मुलं गलाईच्या धंद्यात, एक कोईमतूरला आणि एक केरळात. आमच्या भागात प्रत्येक आळीत अशी दोन-चार घरं आहेत, पोरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली आणि घरात म्हातारा-म्हातारी, एक शेळी आणि कपाटावर औषधांची पिशवी.

१८ जुलै २०२४, आषाढी एकादशीचा दुसरा दिवस. पहाटे सव्वापाचला गावच्या आशाताईंचा, म्हणजे आशा स्वयंसेविकेचा, फोन आला, "मॅडम, आजी उठंनात, घामानं भिजल्यात, काहीबाही बोलत्यात, लौकर या." मी क्वार्टरलाच राहते त्यामुळं पाच मिनिटांत पोचले. दारात माणसं जमलेली, कुणी म्हणतंय वारं गेलं, कुणी पायाला तेल चोळतंय. आजी खाटेवर, लुगडं घामानं ओलंचिंब, डोळे उघडे पण मला ओळखलं नाही, तात्यांना "आण्णा" म्हणत होत्या, आण्णा म्हणजे त्यांचे वडील, वारून चाळीस वर्षं झाली.

तात्या त्यांच्या उशाला बसले होते. एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एक गोळी, शुगरची. "शुगर वाढली आसंल म्हणून दितो म्हणलं, पर ह्या बाईनं हात धरला." आशाताईंनी ती गोळी देऊ दिली नाही. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचे आयुष्यभर उपकार मानीन, कारण ग्लुकोमीटरवर आकडा आला ३८. मला वाटलं स्ट्रिप खराब असंल, दुसऱ्या बोटातून परत रक्त घेतलं, ३६. ७० च्या खाली गेली की शुगर कमी धरतात आणि ५४ च्या खाली म्हणजे मेंदूलाच साखर पुरत नाही, म्हणून माणूस बरळतो, घामाघूम होतो, कधी फिट येते, कधी हातपाय लुळे पडल्यासारखे होतात आणि घरचे लकवा समजून तेल चोळत बसतात.

गिळता येतंय ना ते आधी चमचाभर पाणी देऊन बघितलं, मग पाठीला उशा लावून बसतं केलं आणि वाटीभर पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळून चमच्या चमच्यानं पाजली. (शुद्ध पूर्ण गेलेली असती तर तोंडात काहीही घातलं नसतं, ते श्वासनळीत जातं, हे घरोघरी सांगायला पाहिजे.) वीस मिनिटांनी ७४. आजींनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आगं तू कवा आलीस? च्या ठेवा की हिला."

आणि इथंच सगळे म्हणाले, झाली की बरी, आता कशाला दवाखाना. मी १०८ ला आधीच फोन केला होता आणि अडून बसले. ग्लिमेपिराइड नावाची जी गोळी त्या खात होत्या तिचा असर एकदा साखर पाजली म्हणून संपत नाही, त्यातून म्हाताऱ्या माणसाची किडनी हळू चालत असेल तर ती अंगात अजून रेंगाळते आणि शुगर परत ढकलते. झालंही तसंच, ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर दोन तासांत परत ५२. मग ग्लुकोजची सलाईन लागली आणि दोन रात्री तिथंच काढाव्या लागल्या. घरी ठेवलं असतं तर दुपारी शेजारीण भाकरी घेऊन आली तेव्हा काय बघायला मिळालं असतं ते लिहायला पण नको वाटतं.

आता प्रश्न असा की एकादशी तर आजी चाळीस वर्षं करतात, यंदाच असं का. आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडमनी मला एकच काम सांगितलं, "त्यांच्या घरी जा आणि गोळ्या म्हणून जे जे काय आहे ते सगळं घेऊन ये. चिठ्ठ्या नको, माल आण."

मी गेले. तात्यांनी कपाटावरची साडीच्या दुकानाची पिशवी काढून खाटेवर पालथी केली. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, नावाचा भाग मेडिकलवाल्यानं कात्रीनं उडवलेला, मागं फक्त "mg" ची शेपटी. रबर लावलेलं एक पाकीट. कागदाच्या रिकाम्या पुड्यांची चळत, आजी त्या पण टाकत नाहीत, पोराला शाई पुसायला होतात म्हणे. तात्यांची प्रोस्टेटची गोळी त्याच ढिगात. खाली एक चपटं झालेलं डाळिंबाचं फूल, देवाचं. मी ते सगळं जमिनीवर पोत्यावर मांडलं आणि आजींच्या जावेला विचारत विचारत, कुठली कुठून आली, याच्या रांगा लावल्या. दोन तास गेले.

पहिली रांग माझीच होती. उपकेंद्रातून दर महिन्याला मी देत होते त्या, मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, ग्लिमेपिराइड १ सकाळी, या दोन्ही शुगरच्या, आणि बीपीची अमलोडिपिन ५ सकाळी. दुसरी रांग विट्याच्या एका खाजगी डॉक्टरांची, ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ, टेल्मिसार्टन आणि अमलोडिपिन एकत्र असलेली बीपीची एक, आणि ॲसिडिटीची एक. तिसरी, पाय सुजतात म्हणून बाजाराच्या गावात दुसऱ्याच एका दवाखान्यातून आणलेली लघवीची गोळी, फ्रुसेमाइड ४०. चौथी मुलानं कोईमतूरहून पाठवलेले दोन डबे, कॅल्शियम आणि ताकदीच्या गोळ्या. आणि पाचवी, गुडघ्याची पुडी, एका पुडीत तीन गोळ्या, दिवसाला दोन पुड्या. मोजा. १७ होतात. जागतिक आरोग्य संघटना रोजच्या पाच किंवा जास्त औषधांना पॉलीफार्मसी म्हणते, आमच्या आजी तिथून कधीच पुढं गेल्या होत्या.

एकच औषध दोन नावांनी पोटात जात होतं. ग्लिमेपिराइड दिवसाला ५ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन २००० आणि अमलोडिपिन १०. आणि हे कुणीही लिहून दिलेलं नव्हतं, बेरीज आजींच्या पोटात झाली होती. माझ्या चिठ्ठीवर माझं बरोबर होतं, विट्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांचं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. आमच्याकडं बीपी-शुगरचा फॉर्म भरताना मी आजींना विचारलं होतं, मला चांगलं आठवतंय, "आजी, दुसरं काही औषध चालू आहे का?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "न्हाय बा." मी तसं लिहून मोकळी झाले. आता दवाखान्यातून आल्यावर मी जरा रागानंच विचारलं, आजी मला तेव्हा खोटं का सांगितलं? तर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "खोटं कशाला सांगू? तू औषध इचारलंस. औषध मी कशाला घीन?"

मग डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून बागा झाल्या, द्राक्षाला मारतात ते औषध. "औषध घेतलं" म्हणजे माणसानं जिवाचं बरंवाईट केलं. फार तर खोकल्याची बाटली म्हणजे औषध. गोळी ही गोळी, पुडी ही पुडी, सुई ही सुई, सलाईन ही सलाईन, यातलं काहीच औषध नाही. मी मराठी शाळेत शिकलेली, याच तालुक्यातली पोरगी, आणि मला हे कळलं नाही. तेव्हापासून मी तो प्रश्न विचारणंच सोडलंय. मी म्हणते, "आजी, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय टाकता, पिशवी आणा बघू." पिशवी आली की खरं कळतं.

आता पुडीचं. हे प्रकरण मुळात पुडीचंच आहे, शुगर नंतर आली. आठ-नऊ महिन्यांपूर्वी आजींचे गुडघे फार धरले, चूल सोडून उठता येईना, तर कुणीतरी बाजाराच्या गावात पुडी मिळते असं सांगितलं. आजींचे शब्द, "पयल्याच दिशी गुडघं लोण्यावानी झालं बघ. रानात गेलते मी." भूक वाढली, अंगात तरतरी आली. तोंड पण भरलं, गावातल्या बाया म्हणायच्या आजी सुधारल्या. मॅडमनी दवाखान्यात त्यांना बघितलं तेव्हा सुधारणा बाजूलाच राहिली, गोल सुजलेलं तोंड आणि हातावर जांभळे डाग दिसले, नुसतं दाबलं तरी रक्त साकळतं तसे, आणि त्या म्हणाल्या हे स्टेरॉइड आहे.

मी पुडीवाल्याकडं गेले. भांडायला गेले नाही, भांडून माणूस डबा लपवतो. पेशंट ॲडमिट आहे, जिवावरचं आहे, फक्त नाव सांगा म्हटलं. त्यानं डबे दाखवले: डायक्लोफेनॅक ५० ही दुखण्याची, डेक्सामेथासोन ०.५ हे स्टेरॉइड आणि एक ॲसिडिटीची. डेक्सामेथासोन दिवसाला एक मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास, रोज, आठ महिने, नाव माहीत नसताना.

स्टेरॉइडनं शुगर वाढते. विट्याच्या डॉक्टरांना शुगर २५० च्या वर दिसली, त्यांना पुडी माहीत नाही आणि माझ्या गोळ्याही माहीत नाहीत, त्यांनी डोस वाढवला, त्यांच्या जागी कुणीही वाढवला असता. डायक्लोफेनॅकनं बीपी चढलं, बीपीची गोळी वाढली. अमलोडिपिन दुप्पट झाल्यावर घोटे सुजले, ते त्या गोळीचंच काम, पण सुजेवर लघवीची गोळी आली. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅक ही तीन एकत्र किडनीच्या मुळावर येतात हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पण सांगितलेलं आहे, आणि आजींचं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, १.६ आलं. आकडा बारका दिसतो पण ७६ वर्षांच्या बाईला तो म्हणजे किडनीचं गाळण्याचं काम ३३ च्या आसपास, आणि एवढ्यावर मेटफॉर्मिन दिवसाला १००० च्या वर जायला नको, त्या २००० खात होत्या. प्रत्येक दुखण्यावर गोळी आली आणि प्रत्येक गोळीनं नवीन दुखणं आणलं, आणि कुठलीच गोळी कुणी कधी कमी केली नाही.

मग आषाढी. पुडीवाला वारीला गेला. दुकान बंद. आजींकडं आठवडाभराच्या पुड्या होत्या त्या संपल्या आणि पुढचे दहा दिवस काहीच नाही. आठ महिने बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, आणि एकदम बंद झालं की थकवा, चक्कर, भूक मेलेली आणि शुगर पण खाली. म्हणजे शुगर वर ढकलणारी गोष्ट गेली आणि तिच्यासाठी वाढवलेल्या गोळ्या तशाच राहिल्या. त्यात एकादशी, दिवसभरात दोन केळी आणि चहा, "गोळ्या मातर चुकवल्या न्हाईत बरं का." गोळी चुकवायची नाही असं आम्हीच तर ओरडून ओरडून सांगतो. उपासाला काय करायचं ते मात्र आमच्यापैकी एकानंही सांगितलं नव्हतं.

पुढची ट्रीटमेंट थोडक्यात सांगते. मिरजेच्या एका फिजिशियनांशी मॅडम बोलल्या, सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं ते कमी आलं, म्हणून स्टेरॉइड एकदम न तोडता प्रेडनिसोलोन बारीक डोसमध्ये देऊन दोन महिन्यांत उतरवत नेलं. ग्लिमेपिराइड पूर्ण बंद. अमेरिकेत १९९१ पासून म्हाताऱ्यांनी टाळायच्या औषधांची एक यादी आहे, बीअर्स यादी म्हणतात, तिच्या २०२३ च्या आवृत्तीत या गटातल्या गोळ्या शक्यतो सुरुवातीला देऊच नका असं आहे. आपल्याकडं ती स्वस्त आहे आणि सरकारी कपाटात असते म्हणून जाते, ते मला कळतं, पण पोरं परगावी असलेल्या, उपास करणाऱ्या ७६ वर्षांच्या बाईला देताना हात थांबायला पाहिजे. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, अमलोडिपिन एकदाच, लघवीची गोळी बंद, डायक्लोफेनॅक बंद, टेल्मिसार्टन थांबवलं ते क्रिएटिनीन खाली आल्यावर परत चालू केलं. कॅल्शियम ठेवलं, स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होतात म्हणून. ताकदीचा डबा मी उचलून ठेवला. रोजच्या १७ च्या ५ झाल्या, गुडघ्याला लागली तर पॅरासिटामॉल. शुगरचं टार्गेट पण ढिलं केलं, या वयात तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८ च्या आत असली तरी चालतं, ६.५ च्या मागं लागण्यात पडण्याचाच धोका जास्त.

विट्याच्या डॉक्टरांना मी फोन केला तेव्हा धाकधूक होती, रागावतील वाटलं. ते म्हणाले, "मला कोण सांगणार सिस्टर? माझ्याकडं आजी येते, पुडी येत नाही." त्यांनी त्यांच्या गोळ्या लगेच बंद करायला सांगितल्या. आजी त्यांच्याकडं गेल्या होत्या त्याचंही कारण साधं, २०२२ पासून ७५ वरच्यांना एसटी फुकट झाली. ही सोय फार चांगली आहे, नाहीतर ही बाई कधी उंबरा सोडत नव्हती. पण फुकट एसटीनं तीन दवाखाने गाठले आणि तिन्ही दवाखान्यांना एकमेकांचा पत्ता नाही.

सगळ्यात अवघड गेला तो मोठा मुलगा. कोईमतूरहून व्हिडिओ कॉलवर, मागं भट्टीचा आवाज. "मॅडम, पैशाचा प्रश्न नाही, तुम्ही आईच्या गोळ्या कमी का केल्या? भारीतल्या चालू करा." त्याचा राग मी समजू शकते. एवढ्या लांबनं आईसाठी काय करता येतं, पैसे पाठवणं आणि डबे पाठवणं. गोळ्या कमी म्हणजे त्याला वाटलं आपण कमी पडलो. मी त्याला ती पोत्यावर मांडलेल्या रांगांची फोटो पाठवली, एका नावाच्या गोळ्यांना पेनानं गोल केलेली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लाल डबा मी पाठवलेला आहे का?" हो म्हटलं. तेव्हापासून तो दर रविवारी फोन करून आईला पिशवी कॅमेऱ्यासमोर धरायला लावतो.

आता आजी वाचू शकत नाहीत, रंगावर ओळखतात, आणि त्यातच घोळ. मेडिकलवाल्यानं कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, मग जुनी ती जुनी आणि नवी ती नवी, दोन्ही खायच्या. मी डब्याचं, कप्प्यांचं बरंच सुचवलं, ते त्यांना जमलं नाही. उपाय त्यांनीच काढला. सकाळच्या स्ट्रिपला पाठीमागं ओल्या कुंकवाचं बोट, रात्रीच्या स्ट्रिपला काजळाचं. नवीन स्ट्रिप आली की आधी माझ्यासमोर बोट लावायचं आणि जुनी परत द्यायची, बोट नसलेली गोळी तोंडात जाणार नाही असं ठरलं. मी हे आता अजून नऊ घरांत चालू केलंय. एका घरी आजोबांनी कुंकवाऐवजी चुना लावला, तो पण चालतोय.

ऑक्टोबरमध्ये तपासणी केली. तीन महिन्यांची साखर ७.६, क्रिएटिनीन १.२, घोट्याची सूज गेलेली, तोंड उतरलेलं. पण गुडघे दुखतात, खरंच दुखतात. गरम पाण्यानं शेकणं, काठी, खाटेवर बसून पाय सरळ उचलायचा व्यायाम, सगळं सांगितलं, करतातही, पण पुडीसारखं लोणी होत नाही आणि ते होणारही नाही. "तू शुगर चांगली केलीस पर मला रानातनं घरात बशिवलंस," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. दिवाळीला नातवंडं आली, चार दिवस चुलीपुढं बसणं झालं आणि आजींनी कुणाकडून तरी दोन पुड्या मागवल्या. मला लपवून. रिकामे कागद पिशवीत सापडले म्हणून कळलं, टाकायची सवय नाही ना. मी ओरडले नाही. मॅडमकडं नेऊन गुडघा दाखवला, आता मिरजेला हाडांच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय.

११ नोव्हेंबरला संध्याकाळी उपकेंद्र बंद करत होते तर आजींच्या जावेचा नातू पळत आला, हातात कुंकू लावलेली स्ट्रिप. "आजीनं इचारलंय, उद्या कार्तिकी एकादस हाय, ही गोळी खायाची का न्हाय?"

मी त्याच्याबरोबर घरी गेले. राजगिऱ्याचा लाडू आणि दूध घेणार असाल तर खा, नुसत्या चहावर राहणार असाल तर उद्याच्या दिवस मेटफॉर्मिन ठेवा आणि बीपीची घ्या, असं सांगितलं. आजींनी दोनदा म्हणून घेतलं. मग तात्यांना म्हणाल्या, "लाडू आणा वो उद्या, दोन."